रेषांवरचा जीव

आज संध्याकाळी बाहेर चहा घेताना भाचा आणि त्याचे मित्र ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेवर खऱ्या नटांना घेऊन केलेल्या मालिकेवरून हमरीतुमरीवर आले होते. एकाला तिचा नायक लुफीचा रबरासारखा ताणला जाणारा हात खऱ्या माणसाच्या अंगावर पाहवत नव्हता; दुसऱ्याला लुफी झालेल्या इन्याकी गोडोयचं हसूच पुरेसं होतं. त्यांचं ते जीव तोडून भांडणं मला फार आवडलं.

जपानी चित्रकथांवरच्या अशा रूपांतरांना ही मुलं उगाच नावं ठेवत नाहीत. २००९ चा ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ हा सिनेमा त्यांच्या डोक्यात जातो, कारण त्यातला नायक गोकू अमेरिकन शाळेत टवाळी सोसणारा पोरगा झाला. २०१७ च्या ‘डेथ नोट’ सिनेमाने कथा सिएटलला नेली आणि नायक लाइटचा थंड हिशेबीपणा हरवला. २०२३ च्या ‘वन पीस’मध्ये मात्र मूळ चित्रकार एइचिरो ओडा निर्मितीत सोबत होते. ते जाणवतं.

आपल्याकडे चित्रातलं पात्र पडद्यावर पाहण्याचा हा अनुभव ‘चिंटू’ने दिला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची १९९१ पासूनची चित्रमालिका श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये पडद्यावर आणली. पेपर उघडला की आधी चिंटू वाचणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्याला मनातल्या मनात एक आवाज देऊन ठेवला होता. पडद्यावरचा मुलगा बोलू लागला तेव्हा सुरुवातीला मी अवघडूनच बसले होते.

चित्रात वाचक आपली भर घालत असतो. नट आला की ती जागा भरून जाते. चाहत्यांचा राग तिथून येतो. म्हणून निर्मात्यांना एकच सांगणं आहे: केस आणि कपडे जुळवण्याआधी पात्राचा स्वभाव जुळवा. बाकीचं चाहते सांभाळून घेतात.