रेषा वाढल्या, रस वाढला का?

चित्र जितके स्पष्ट तितका पाहण्याचा आनंद अधिक, हे समीकरण सहसा कोणी तपासत नाही. जुन्या दूरदर्शन संचावर चित्राच्या ५७६ रेषा दिसत. आजच्या फोर-के पडद्यावर त्या २१६० आहेत. तरीही २०२०च्या टाळेबंदीत १९८७-८८ची ‘रामायण’ मालिका पुन्हा लागली, तेव्हा त्या जुन्या, धूसर चित्रापुढे घरेच्या घरे बसली.

याचे कारण आम्हांला दोडामार्गाकडच्या देवळांच्या आवारात, दशावतारात सापडते. तेथे नेपथ्य नाही. एकच बाकडे राजाचे सिंहासन होते, वेळ पडल्यास रथही. संवाद नट उभ्याउभ्या रचतो. उरलेले सारे प्रेक्षक मनात भरतो, आणि त्या भरण्यातच रसाचा मोठा वाटा असतो. पडद्याने सारेच दाखवले, की प्रेक्षकाला काम उरत नाही.

अर्थात तंत्राचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मंदावलेल्या दृष्टीला मोठा पडदा, कमी ऐकू येणाऱ्याला उपशीर्षके, हा निखळ लाभ आहे. तंत्र अडथळा दूर करते तेथवर आनंद वाढतो. त्यापुढे वाढणाऱ्या रेषा केवळ नवलाई देतात, आणि नवलाई चार दिवसांत विरते. मग प्रश्न उरतो तो काय पाहतो आणि कोणाबरोबर पाहतो, हा. दशावतार रात्रभर चालतो. डुलकी लागली तर कोपराने जागे करणारे कोणीतरी शेजारी असते. खोलीखोलीतल्या पडद्यांनी नेमके तेच माणूस आपल्याकडून हिरावून घेतले आहे.