मोळीनंतरची आंघोळ

ती आंघोळ काही डोक्यातून जात नाही. 'श्यामची आई'मधल्या त्या म्हातारीची मोळी खाली पडलेली. ती महाराची, म्हणून मोळीला हात लावायला कुणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तू दे उचलून. आणि घरी आल्यावर आंघोळ कर. शाळेत असताना मला मोळी तेवढी दिसली. आंघोळ खटकावी तरी कशी? आमच्या घरी सुतकाची, ग्रहणाची, मसणवट्यातून आल्यावरची, अशा आंघोळी कमी होत्या का? त्यांत ही आणखी एक.

साने गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' निघाली 1960 साली, पण तिची गोष्ट घडते त्याच सुमारास, अमेरिकेतल्या अलाबामात. तिथली छोटी स्काउट भर कोर्टात बघते, की टॉम रॉबिन्सनचा गुन्हा एवढाच, तो काळा आहे. बाप वकील, तोही त्याला सोडवू शकत नाही. तिचं भाबडेपण तिथं फुटतं. श्यामचं मात्र फुटत नाही. दया आणि विटाळ त्याला एकाच मायेच्या हातून मिळतात. ज्या पोराला धक्काच बसला नाही, ते वाचलं म्हणायचं की अडकलं?

की आईला गाव ओळखू येत होतं? आंघोळ कबूल केली म्हणून मोळी उचलू दिली, असंही असेल.

इथं मला उगाच आमचा रथ आठवतो. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. ओढायला शेकडो हात, पण खरा जीव मोगरी लावणाऱ्यांचा. फिरत्या चाकाखाली नेमक्या वेळी लाकडाची मोगरी सारायची, हात वेळेत काढून घ्यायचा. चुकली तर रथ कुणाच्या तरी ओट्यावर चढेल. लहानपणी आम्हाला देवापेक्षा त्या माणसांचंच अप्रूप. दोराला कुणाकुणाचे हात लागलेले असायचे; आम्ही तो ओढून घरी आलो तरी आजी कधी आंघोळीला पिटाळायची नाही. सरपण घेऊन येणाऱ्या बाईला मात्र ती ओंजळीत वरूनच पाणी ओतायची. दोर चालतो, पेला चालत नाही, हे आम्ही न शिकवता शिकलो.

ती आंघोळ मोगरीसारखी होती का? मोगरीने रथ वळतो, तसा अडतोही.

श्याम म्हणजे गुरुजीच. पुढे 1947 च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. मंदिर उघडलं. या उपोषणाचं नातं त्या आंघोळीशी जोडायचा मोह होतो. पण जोडायला गेलं की वाटतं, दोन्ही वेळा कस लागला तो मोळी उचलणाऱ्याच्याच देहाचा. म्हातारी त्यात कुठे आहे? तिला त्या आंघोळीचं कळलं असेल का, आणि कळलं असेल तर मोळी हलकी झाली असेल का?

आता नातीला हे पुस्तक वाचून दाखवायचं आहे. आंघोळीचं वाक्य गाळलं तर आई फार सोपी होते. वाचलं तर नात विचारणार, का? माझ्या आजीचं नाव न घेता याचं उत्तर देता येईलसं वाटत नाही, आणि घेतलं तर आजीवर अन्याय होईल की त्या सरपणवालीवर, तेही ठरत नाही.