मेमसाहेबांचा हात

मटेरियल सायन्सच्या तासाला सर म्हणाले, "सिरॅमिक दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. आणि मोडताना आधी सांगत नाही!" अख्खा वर्ग हसला. मी गप्प होतो. मला आमच्या मेमसाहेब आठवल्या.

जुन्या जालन्यात आमच्या घरी काचेच्या कपाटात त्या उभ्या असतात. वीतभर उंची, गुलाबी घागरा, हातात फुलांची परडी. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं. पणजोबा हैदराबादला कारकून होते, त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातून ही चिनी मातीची बाई आणली. दिवाळीत आजी स्वतः ओल्या मलमलच्या फडक्यानं तिला पुसायची. बाकी कुणी हात लावायचा नाही.

सातवीत मी लावला. कपाटामागे गेलेला बॉल काढताना मेमसाहेब पडल्या, उजवा हात मनगटातून निखळला. घरात कुणी नव्हतं. दोन नळ्यांचं एपॉक्सी आणून हात चिकटवला, सांध्यावर वॉटर कलर फासला. झालं!

बारावीनंतर इंजिनिअरिंगला नंबर लागला, पण त्या साली पाऊस नव्हता, कपाशी गेली होती. आजी म्हणाली, "मेमसाहेब विकून टाका. पोरगं शिकू द्या." टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी त्यांना देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला नेलं. सोबत बाबा.

व्यापाऱ्यानं आधी बूड पाहिलं. निळ्या रंगात एकमेकांत अडकवलेले दोन 'एल'. हे फ्रान्सच्या सेव्ह्र कारखान्याचं चिन्ह. हा कारखाना १७४० मध्ये व्हँसेनला सुरू झाला, १७५६ मध्ये सेव्ह्रला गेला, पुढे खुद्द राजाच्या मालकीचा झाला. "पण या चिन्हाच्या नकला फार," तो म्हणाला. पॅरिसची सॅमसन कंपनी १८४५ पासून जुन्या पोर्सेलिनच्या नकलाच करायची. मग त्यानं नखानं टिचकी मारली. आजी बाजारात माठ घेताना मारते, अगदी तशी! आवाज बद्द आला. शेवटी खोलीत अंधार करून त्यानं जांभळा दिवा लावला. मनगटाभोवती कडं चमकलं.

"हात जोडलेला आहे."

"शक्यच नाही," बाबा ठामपणे म्हणाले. "आमच्याकडे ही कधी पडलीच नाही."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यानं सांगितलेल्या पैशांत माझं मेसचं बिलही भागलं नसतं. बाबांनी मेमसाहेब परत टॉवेलात गुंडाळल्या.

मनमाडच्या पुढे मी सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "हाताचं काही नाही रे. दुकानात मी खोटा पडलो."

घरी आजी म्हणाली, "मला ठाऊक होतं की! त्याच दिवाळीला फडक्याला रंग लागला होता. तू सांगशील म्हणून वाट बघायले. पण हाताची एवढी किंमत असते, हे कुणाला माहीत?"

फी शेवटी बँकेच्या कर्जातून भरली.

गेल्या वर्षी टूरला हैदराबादला गेलो. पोरं चारमिनारला बांगड्या घेत होती, मी सालारजंग म्युझियममध्ये होतो. सालारजंग घराण्यानं जमवलेल्या वस्तूंचं हे म्युझियम १९५१ मध्ये सुरू झालं. तिथं युरोपियन पोर्सेलिन पाहताना लोक रंग बघत होते, मी एकेकाची मनगटं आणि बोटं!

नंतर वाचलं की म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ सारखा डिंक वापरतात. तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, म्हणजे केलेली दुरुस्ती पुन्हा उकलता येते. माझं एपॉक्सी मात्र आता पिवळं पडलंय, सांधा लांबूनही दिसतो. आजीला म्हटलं, "नीट करून देऊ का?"

"राहू दे," आजी म्हणाली. "आता तो लपलेला नाही ना, मग झालं."

यंदाच्या दिवाळीत मेमसाहेबांना पुसायचं काम आजीनं माझ्याकडे दिलंय.