कोळशावरचं रान

कुठे जायचंय, असं विचारलं तर उत्तर आलं, कुठेच नाही. इथूनच निघायचं आणि इथेच परत यायचं. मग मधे काय आहे? झाडं आहेत. झाडं बघायला माणसं रविवारी सकाळी, भुरभुर पाऊस चालू असताना, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून, कुत्र्यांसकट गोळा होतात हे मला नवीन होतं. आमच्या चंद्रपूरकडे रानात जायला काहीतरी कारण लागतं. मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण, नाहीतर मग ताडोब्यात जिप्सीत बसून वाघ. इथे गावच्याच लोकांनी गावाशेजारच्याच रानात हिंडायचं, आणि पुढे वाट दाखवायला माझ्या मुलाहून लहान पोरगी, जी मला पहिल्याच मिनिटाला नुसत्या नावाने हाक मारते!

हे काम सूनबाईचं. मुलगा आणि सून इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टरशायरमध्ये, ॲशबी-द-ला-झूश नावाच्या गावात राहतात. मी तिच्या बाळंतपणासाठी ऐन थंडीत येऊन दाखल झालेली. डिंकाचे लाडू झाले, दुपटी शिवून झाली, तरी बाळ यायला अवकाश होता, आणि मी तिच्या मागेमागे फिरत होते. "आई, तुम्ही जरा बाहेर पडा नं," असं म्हणून तिने इथल्या रानातल्या फेऱ्यांना आणि कार्यशाळांना माझं नाव घातलं. चालणं फुकट, कार्यशाळांना पैसे. यादीत काय काय होतं: कुंपण वाकवणं, टोपल्या विणणं, ओल्या लाकडाचे चमचे कोरणं. एवढं शिकलेल्या लोकांना हे कशाला हवं, हा माझा पहिला प्रश्न. तो अजून पुरता सुटलेला नाही.

ॲशबीच्या पश्चिमेला काही मैलांवर मोयरा आणि डोनिस्थॉर्प ही गावं. डोनिस्थॉर्पच्या रानात शिरल्यावर वाट दाखवणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, आपण आत्ता कोळशाच्या खाणीवर उभे आहोत. माझा विश्वास बसेना. मी घुग्घुसच्या कॉलरीत वाढले, वडील तिथे टाइमकीपर होते. खाणीची जमीन कशी दिसते हे मला कोणी सांगायला नको. उपसलेल्या मातीचे डोंगर, त्यांवर गवताची काडी नाही, कडेकडेने विलायती बाभूळ, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काळी पूड. इथे डोक्यावर बर्चच्या पांढऱ्या फांद्या, पलीकडे पाइन, पायाखाली कुजकी पानं आणि चिखल. खाण कुठाय? मग एका सशाच्या बिळाकडे लक्ष गेलं. बिळातून बाहेर फेकलेली माती काळी होती. चिमटीत घेऊन चोळली, आणि ओळख पटली.

इथल्या खाणी 1990 च्या सुमारापर्यंत एकेक करून बंद झाल्या. 1990 मध्येच सरकारी पातळीवर ठरलं, की लेस्टरशायर, डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर या तीन परगण्यांचा मिळून सुमारे दोनशे चौरस मैलांचा पट्टा निवडायचा आणि तिथे नवं 'नॅशनल फॉरेस्ट' उभं करायचं. 1995 मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. तेव्हा या पट्ट्यात जेमतेम सहा टक्के झाडी होती. आता ती वीस टक्क्यांच्या वर गेली आहे आणि लावलेल्या झाडांची संख्या नव्वद लाखांच्या पुढे. जमीन सरकारने ताब्यात घेतली असं मात्र नाही. शेतकरी, कंपन्या, नगरपालिका ज्याच्या त्याच्या जमिनीवर लावत गेले. म्हणून हे सलग अरण्य नाही. मधे गावं आहेत, शेतं आहेत, रस्ते आहेत, सुपरमार्केटं आहेत.

खाणीच्या मातीत काही उगवत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. मग इथे कसं उगवलं? मुलीने एक ओबडधोबड झाड दाखवलं, आल्डर. याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. आपली तूर आणि हरभरा करतात तेच, फक्त हे झाड शेंगेच्या कुळातलं नाही. म्हणून निकस जमिनीवर आधी आल्डर आणि बर्च उभे करायचे, त्यांच्या पानांचा थर साचू द्यायचा, मग ओकसारखी खानदानी झाडं.

तरी एक गोष्ट बोलून टाकते. विशिष्ट कोनातून बघितलं की रांगा दिसतात. एक वय, एक उंची, अंतर मोजून. आमच्या वनविकास महामंडळाच्या सागाच्या प्लॉटांची आठवण आली. हे सगळं रान माझ्या मुलाहून लहान. याला जंगल म्हणायचं तर मग आमच्या गडचिरोलीला काय म्हणायचं? पण जिथे जिथे ॲश नावाची झाडं रोगाने वाळली आहेत तिथे रांगा मोडल्यात. हा बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये 2012 पासून बोकाळला. त्या मेलेल्या खोडांवर काळे, टणक, गोल गोळे उगवलेले होते. बघणाऱ्याला वाटावं, कोळशाचे खडेच चिकटलेत. ही पण एक बुरशीच, आणि वाळली की ठिणगी धरून ठेवते, चकमकीच्या काळात लोक विस्तवासाठी जवळ बाळगत. कोळशाच्या गावात झाडांनाही कोळसा लागावा, ही गंमत माझ्याखेरीज कोणाला वाटली नसावी.

घोळक्यात एक निवृत्त खाणकामगार होते. त्यांचं इंग्रजी मला सुरुवातीला मुळीच कळेना. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडची खाण उघडी की भुईखालची? आणि त्यापुढे ओव्हरमन, लॅम्प-रूम, हॉलेज, केज, शिफ्ट हे शब्द यायला लागले. हे तर आमच्या क्वार्टरमध्ये जेवताना बोलले जाणारे शब्द! इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदाच मला कोणाचं बोलणं सगळंच्या सगळं समजलं. आमच्याकडे अजून चालू आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सचे ट्रक रात्रंदिवस जातात, असं सांगितल्यावर ते बराच वेळ फक्त खोली, पगार आणि अपघात यांबद्दल विचारत राहिले. झाडांत त्यांना फारसा रस दिसला नाही. बायको येते म्हणून येतो, म्हणाले.

मोयरात ॲशबी कालव्याच्या काठी विटांची एक भलीमोठी भट्टी उभी आहे. कालवा खाणींमुळे जमीन खचून बुजला होता, त्यातला थोडा भाग अलीकडे पुन्हा पाण्याने भरला आहे. भट्टी लोखंड गाळायची, 1804 ते 1806 या काळात बांधलेली. धंदा काही बसला नाही, काही वर्षांतच विझली, आणि विझली म्हणूनच टिकली. चालली असती तर पाडून मोठी बांधली असती. बांधणारा जमीनदार अर्ल ऑफ मोयरा. तो पुढे हिंदुस्थानात गेला, असं कोणीतरी सहज बोललं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला आहे. गव्हर्नर जनरलांची यादी झोपेतही म्हणेन. 1813 ते 1823, लॉर्ड हेस्टिंग्ज. वॉरन नव्हे, दुसरा. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करण्याच्या निमित्ताने ज्याने फौजा हलवल्या, ज्याच्या कारकिर्दीत 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर निशाण चढलं, सीताबर्डीवर भोसले हरले, आणि मे 1818 मध्ये आमच्या चांद्याच्या किल्ल्याला खिंडार पडलं. तोच हा! वर्गात त्याच्यावर मी पाच गुणांचे प्रश्न काढले आणि त्याची ही नादारीत निघालेली भट्टी इथे माझ्यापुढे उभी. मी हे सगळं जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. वाट दाखवणाऱ्या मुलीचा चेहरा पडला आणि ती "सॉरी" म्हणाली, गर्दीत पायावर पाय पडल्यावर म्हणावं तसं. मी म्हटलं, असू दे गं, तुझा काय संबंध.

कुंपणाची कार्यशाळा त्यानंतरची. ही कामं थंडीतच करतात, झाडात रस कमी असतो आणि पक्ष्यांची घरटी नसतात तेव्हा. शेताच्या कडेला हॉथॉर्नचं काटेरी झुडूप वाढून उंच होतं, खालून विरळ होतं, गुरं आरपार जातात. आमच्याकडे बोराटी तोडून धुऱ्यावर रचतात, वाळली की पुन्हा नवी. इथे तोडत नाहीत. कोयत्याने बुंध्याशी तिरका घाव घालायचा, खोड जवळजवळ आरपार कापायचं, सालीची आणि जिवंत लाकडाची पातळ पट्टी तेवढी ठेवायची आणि अख्खं झाड आडवं निजवायचं. मग पुढचं त्यावर, त्यापुढचं त्यावर. मधे खुंट्या ठोकायच्या, वरच्या बाजूने लवचिक फांद्यांचा पीळ घालून बांधायचं. वसंतात बुंध्यातून नवे कोंब सरळ वर येतात आणि जाळी दाट होते. या भागातल्या पद्धतीत काटेरी शेंडे गुरांच्या बाजूला ठेवतात, कारण इथले बैल दणकट, अंग घासून कुंपण पाडणारे. कोयत्याचाही लेस्टरशायरी घाट वेगळा असतो.

पहिल्या खोडावर घाव घालताना माझा हात उठेना. एवढं कापल्यावर झाड जगेल हे मनाला पटत नव्हतं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, घाबरून कमी कापलंत तर वाकवताना फाटेल आणि मरेल. मग कापलं. वाकलं. करकरलं, पण तुटलं नाही. दिवस संपला तेव्हा आम्हा सगळ्यांनी मिळून केलेलं कुंपण एक बस उभी राहील एवढंही लांब नव्हतं, आणि माझी कंबर पार गेलेली. चहा मात्र फार चांगला होता.

टोपलीचा दिवस मला सगळ्यात जड गेला, आणि त्याचं कारण विणकाम नव्हतं.

टेबलाभोवती एक दंतवैद्य, बँकेतून निवृत्त झालेला माणूस, दोन शिक्षिका, त्या खाणकामगारांची बायको आणि मी. पुढ्यात भिजवलेल्या विलोच्या काड्या. सालीसकट वाळवलेल्या काडीला साधारण फुटाला एक दिवस पाण्यात ठेवावं लागतं, म्हणजे सहा फुटी काडीला जवळजवळ आठवडा जातो. तळ करायला काही काड्या मधोमध चिरायच्या, त्या चिरेतून दुसऱ्या ओवायच्या, अधिकचं चिन्ह तयार होतं. त्याच्याभोवती दोन काड्या फिरवत अधिकचे हात पसरवायचे, तेव्हा तळ गोल होतो. मग उभ्या काड्या टोचून वर वळवायच्या. बांबूच्या कामट्या चपट्या असतात, ऐकतात. ही काडी गोल, अख्खी, सोडली की थोबाडीत बसते.

चंद्रपूरच्या बाजारात बुरुडांच्या बायका सूप, टोपल्या, तट्टे घेऊन बसायच्या. माझी आई घासाघीस करून घ्यायची. त्यांच्या बोटांकडे मी तासन्‌तास बघितलं आहे, पण त्या कामाला हात लावण्याचा विचार आमच्या घरात कोणी केला नसता, आणि का केला नसता हे सांगायला नको. आता मी पौंडांत पैसे मोजून, चष्मा लावून, तेच काम शिकायला बसले होते आणि शेजारचा दंतवैद्य माझ्या तळाची तारीफ करत होता. या खोलीत कोणाचा आजोबा टोपल्या विणत नव्हता. बहुतेकांचे आजोबा खाणीत, नाहीतर जवळच्या स्वाडलिनकोटच्या मातीच्या नळ्या आणि संडासाची भांडी करणाऱ्या कारखान्यांत. काड्यासुद्धा इथल्या नव्हत्या, दूर नैऋत्येच्या सॉमरसेटमधून आलेल्या. विलोची मोठी शेती तिथेच. तरी बाहेर पाटीवर लिहिलं होतं, पारंपरिक ग्रामीण कला.

आधी हसू आलं. नंतर वाटलं, वारसा नसलेली कला कोणीही उचलू शकतो, हे काही वाईट नाही. त्याच वेळी हेही खरं, की या टोपलीवर इथे कोणाची चूल पेटत नाही. शिकवणाऱ्या बाईंना मी सरळ विचारलं, टोपल्या विकून भागतं का? त्या म्हणाल्या, विकून नाही, शिकवून भागतं. आमच्याकडे चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे आता इतर जातीजमातींची मुलंही येतात. पण ती पोटासाठी येतात, दंतवैद्य येत नाहीत. यातलं कोणतं बरं, हे मला त्या टेबलाशी ठरवता आलं नाही.

खाणकामगारांच्या बायकोने एक गोष्ट सांगितली. जुन्या काळी, लोखंडी डबे यायच्या आधी, कोळसा खाणीतून वर यायचा तो विणलेल्या टोपल्यांमधून, हेझलच्या काड्यांच्या. त्या टोपल्या खाणीतच झिजायच्या, सतत नव्या लागायच्या, आणि विणणारे खाणीवर पगारी असायचे. म्हणजे या दोन गोष्टी मी समजत होते तितक्या लांबच्या नव्हत्या. माझी टोपली शेवटी एका बाजूला कलली, पण उभी राहिली. सूनबाईने तिच्यात बाळाचे मोजे ठेवलेत.

पुढच्या महिन्याचं पत्रक आलंय. रान दाट झालं म्हणून विरळणी चालू आहे, आणि तोडलेल्या लाकडाचं काय करायचं, तर लोखंडी पिंपात हवा कोंडून त्याचा कोळसा पाडायला शिकवणार आहेत. मी नाव घातलं. खाणकामगारांना फोन करून विचारलं, येताय ना? ते म्हणाले, बाई, माझं सगळं आयुष्य ते सामान वर काढण्यात गेलं, आता पैसे देऊन बनवायला मी येणार नाही. बायको मात्र येतेय.