रसाचा हंगाम

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच पाऊस पूर्वेकडे सरकत कोल्हापूर शहराशी येतो तेव्हा हजाराच्या आसपास उरलेला असतो आणि मिरज ओलांडून तासगाव-कवठेमहांकाळच्या माळावर पोचेपर्यंत पाच-सहाशेवर आलेला असतो. या एवढ्याशा पट्ट्यात कुणी काय पिकवायचं, हे पावसानंच ठरवून टाकलं आहे. तिकडे कोरड्या हवेत द्राक्ष, इकडे पंचगंगेच्या काठानं ऊस. द्राक्ष ऐन फुलोऱ्यात भिजलं की डाऊनी रोग येतो, घड कुजतात. उसाचं पाण्यावाचून चालत नाही. म्हणून कोल्हापूर हा द्राक्षाचा मुलूख झाला नाही. पण थंडी पडली की दोन्हीकडे एकच काम सुरू होतं. पिकात साठलेली वर्षाची गोडी रसाच्या रूपानं बाहेर काढायची आणि ती टिकवायची.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळाभर झोपते, वर्षात एकदाच छाटली जाते आणि तिची तोडणी पावसाळी थंडी सुरू होण्याआधी उरकते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, मग जानेवारी ते मार्च तोडणी. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण याच माळावरचा. त्यानं इथल्या अनेक घरांचं नशीब पालटलं. ते खायचं आणि बेदाण्याचं द्राक्ष. वाइनसाठी वेगळे वाण लागतात, बारीक मण्यांचे, जाड सालीचे. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क उभे राहिले. आज महाराष्ट्रातल्या छोट्या वाइनरीत हिवाळ्याच्या दिवसांत जी धांदल असते, तीच, त्याच दिवसांत, कोल्हापूरजवळच्या वडणगे, प्रयाग चिखली, निगवे या गावांच्या शिवारातल्या गुऱ्हाळांत असते. फक्त तिथे टाकी नसते, काहील असते.

मला या दोन धांदलींमधलं नातं फार ओढ लावतं. चोवीस ब्रिक्सचा द्राक्षरस, म्हणजे ढोबळमानानं शंभर भागांत चोवीस भाग साखर असलेला रस, आंबून झाला की तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली वाइन होते. यीस्ट साखर खातं, आणि वाइन करणारा त्याला खाऊ देतो. फक्त ते सावकाश खावं म्हणून स्टीलच्या टाक्या बाहेरून गार ठेवतो. पांढरी वाइन असेल तर पंधरा-सोळा अंशांवर. उसाचा रसही गोडीला काही फार मागे नाही. चांगल्या उसाचा अठरा ते बावीस ब्रिक्स भरतो. पण गुऱ्हाळात यीस्टला थारा नाही. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला किंवा रस हौदात जास्त वेळ थांबला की तो आंबायला लागतो, आणि आंबलेल्या रसाचा गूळ कितीही आटवला तरी चिकट राहतो, घट्ट बसत नाही. वाइनवाला ज्या पाहुण्याची वाट बघतो, त्याच्यावर गुळव्या दार लावून घेतो. एकानं पाणी ठेवलं आणि साखर सोडली, दुसऱ्यानं साखर ठेवली आणि पाणी सोडलं. दोघांनाही वर्षभराचं ऊन-पाणी पुढच्या वर्षापर्यंत न्यायचं आहे.

गुऱ्हाळ पहाटे बघावं. तीनच्या सुमाराला चरक सुरू होतो. पूर्वी तो बैल फिरवायचे, मग डिझेलचं इंजिन आलं, आता विजेची मोटर आहे, आणि वीज जाण्याच्या वेळांवर सगळ्यांचा दिवस बेतलेला असतो. रस हौदातून काहिलीत येतो. काहिलीखाली जमिनीत खणलेलं चुलवाण असतं आणि त्यात जळतं ते त्याच उसाचं चिपाड. आदल्या दिवसांचं चिपाड बायकांनी भोवतालच्या मोकळ्या रानात पसरून, उलटून-पालटून वाळवलेलं असतं. लाकूड नाही, कोळसा नाही; ऊस स्वतःच्याच चिपाडावर शिजतो. ही व्यवस्था कुणी बसवली, कधी बसवली याची नोंद कुठे नसेल, पण इतकी नेटकी भट्टी मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही.

रस तापायला लागला की काळपट हिरवी मळी वर येते. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात भिजवून काढलेला बुळबुळीत रस त्यात घालतात. तो घाण धरून वर आणतो. थोडी चुन्याची निवळी पडते, रसाचा आंबटपणा कमी होतो. मळी मोठ्या झाऱ्यानं काढून टाकतात. रस स्वच्छ झाला की जाळ वाढतो, काहील उसळायला लागते, फेस काठाशी येतो आणि शेंगतेलाचे किंवा एरंडेलाचे चार थेंब पडले की मुकाट खाली बसतो. साधारण 105 अंशांशी काकवी होते. ज्यांना काकवी हवी ते तिथेच भांडं पुढे करतात. त्यानंतर खरी कसोटी. 105 ते 118 या तेरा अंशांत गुळव्याचं सगळं कसब आहे.

आता काही ठिकाणी थर्मामीटर आले आहेत. ते असायला हवेतच. पण गुळव्या पाहतो ते बुडबुड्यांकडे. ते आधी मोठे आणि मोकळे असतात, मग लहान, जड, आणि फुटताना आवाज करणारे होतात. तो फावडीवरून पाकाची धार सोडून बघतो, थेंब गार पाण्याच्या भांड्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि भांड्याच्या काठावर आपटतो. ठण्ण वाजली की चुलवाणाकडे वळून ओरडतो, “जाळ थांबव रं!” तिथे अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपट होतो, अर्धं मिनिट आधी काढला तर पावसाळ्यात पाझरतो. अडीच-तीन तासांच्या एका आदणाचं भवितव्य त्या एका मिनिटात ठरतं. मग काहील कलते, पाक वाफ्यात पडतो, फावड्यांनी घोळला जातो आणि कापड घातलेल्या साच्यांत जातो. तीस किलोचा रवा उभा राहतो. टनभर उसातून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ मिळतो. बाकीचं पाणी पहाटेच्या धुक्यात गेलेलं असतं.

गुऱ्हाळावरून कुणी रिकाम्या तोंडानं गेला, असं होत नाही. रस, काकवी, गरम गुळाचा गोळा, चुलवाणाच्या राखेत भाजलेलं रताळं, यातलं काहीतरी हातात पडतंच. द्राक्षमळ्यांवर आता चव घेण्याच्या बैठका ठेवतात, त्याचे पैसे घेतात, आणि त्यात वावगं काही नाही. कोल्हापुरात ही बैठक पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. गुळव्या उभ्या उभ्या खायला देतो आणि तोंडाकडे बघत राहतो.

त्याच्या त्या बघण्यात जी गोष्ट असते, ती पुढे बाजारात हरवते. गूळ सगळा सारखा नसतो. पंचगंगेकाठच्या गाळाच्या जमिनीतला ऊस वेगळा, माळाचा वेगळा. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ खारटपणा धरतो आणि हवेतलं पाणी ओढून लवकर सुटतो. युरियाचा मारा केलेल्या उसाचा गूळ काळपट आणि मऊ होतो. जुलैत लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू बारा महिन्यांत येतो. आणि तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा त्याहून निराळा. को 86032, को 92005, कोसी 671 या वाणांचे रंग आणि कण वेगळे. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात याच फरकांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. आणि वर्ष? 2019 आणि 2021 च्या महापुरात प्रयाग चिखली-आंबेवाडीचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली होता. पुरात बुडालेल्या उसाचे शेंडे कुजतात, कांड्यांवर मुळ्या आणि पांगशा फुटतात, आणि रसात उरलेली साखर पुन्हा वाढीला खर्ची पडते. असला ऊस हाती आला की कसलेला गुळव्याही हतबल होतो. पंचगंगेनं त्या वर्षी काय केलं, ते गूळ सांगतो.

फ्रान्समध्ये द्राक्षबागायतदारांनी अशाच फरकांना नावं दिली. कोणत्या उताराचं द्राक्ष, कोणत्या वर्षाचं, कुणाच्या हातचं, हे बाटलीवर छापलं आणि त्याचीच किंमत घेतली. वाईट पावसाचं वर्षही लपवलं नाही, त्याला त्याचा दर मिळाला. आपल्याकडे नाशिक खोऱ्यातल्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापुरी गुळालाही 2014 साली ते मिळालं. पण गुळाच्या रव्यावर नाव नाही. ऊस कुठल्या शिवारातला, वाण कोणता, गुळव्या कोण, महिना कुठला, यातलं काही नाही. इतकं बारीक काम केलेली वस्तू सौद्यात पोचली की तिची एकच परीक्षा होते, आणि ती डोळ्यांनी होते. पिवळा की काळा.

ही बाजारपेठ काही लहान नव्हे. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि 1895 साली राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. पुढे भोगावतीवर राधानगरी धरण बांधायला घेतलं. त्यांच्या पश्चात ते पुरं झालं आणि उसाला बारमाही पाण्याची हमी मिळाली. आजही दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर बाजार समितीत गुळाचे सौदे निघतात, हार-नारळ होतो, पहिल्या रव्याला चढा भाव बोलला जातो. माल जातो तो मुख्यतः गुजरातेत. तिथल्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून इथे पिवळ्याला भाव आहे.

आणि या पिवळेपणानं घात केला आहे. भेंडी आणि चुना यांनी जो रंग येतो तो सोनेरी-तांबूस असतो. उजळ पिवळा करायचा तर हायड्रॉस हे रसायन टाकतात, त्यानं गूळ काही आठवडे देखणा दिसतो आणि मग काळवंडतो. काही ठिकाणी रसात साखर विरघळवून वजन आणि रंग दोन्ही साधतात. दुसरीकडचा गूळ इथे आणून कोल्हापुरी म्हणून विकला जातो. हे सगळं या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि त्याचं सर्वांत जास्त दुःख मी गुळव्यांच्या तोंडून ऐकलं आहे. स्वतःच्या कसबानं आणलेला तांबूस रंग कमी भावात जातो, आणि शेजारच्या गाडीतला रंगवलेला माल वर जातो, हे डोळ्यांनी बघावं लागणं फार जिव्हारी लागतं. शिवाय कारखान्याला ऊस घातला की डोक्याची कटकट मिटते, पैसे उशिरा का होईना बँकेत येतात. चुलवाणाच्या धगीत रात्रभर उभं राहायला नवी पोरं तयार नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा? वडणग्याच्या रस्त्यानं जाताना पूर्वी धुराड्यांची जी रांग दिसायची ती विरळ झाली आहे.

तरी काही जण टिकून आहेत, आणि माझी सारी आशा त्यांच्यावर आहे. काहींनी रासायनिक खतं सोडली, हायड्रॉस सोडलं. तीस किलोच्या रव्याऐवजी ते अर्धा-एक किलोच्या ढेपा, वड्या, पावडर करतात, काकवी बाटलीत भरतात आणि थेट घरांना देतात. रंग तांबूस, कधी चॉकलेटी, आणि ते तसा का आहे हे समजावून सांगतात. कळणारं गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याच दारात येतं. मला हवं आहे ते याच्याही पुढचं. डब्यावर गावाचं आणि गुळव्याचं नाव असावं. उसाचा वाण असावा, लावण की खोडवा ते असावं, आदण कोणत्या महिन्यातलं ते असावं. डिसेंबरचा आडसाली उसाचा गूळ आणि मार्चचा खोडव्याचा गूळ एकाच ताटात ठेवून चाखून बघा. पहिला कणीदार, लगेच तुटणारा, जिभेवर स्वच्छ विरघळणारा. दुसरा मऊसर, थोडा उग्र, शेवटी किंचित तुरटपणाकडे झुकणारा. पुरणाला मी पहिला घेतो, भाकरीबरोबर दुसरा. दोन्ही कोल्हापुरीच, दोन्ही खरे, आणि दोघांना एका भावात, एका नावाखाली, एका रंगात कोंबणं हा त्या उसावर अन्याय आहे.

डबे तसे निघतील तेव्हा निघतील. तोवर या थंडीत जोतिबाच्या डोंगरावरून खाली उतरताना एखाद्या चालू गुऱ्हाळावर थांबा. रस प्या, पण लगेच निघू नका. आदण उतरेपर्यंत बसा आणि मग गुळव्याला विचारा, मामा, ऊस कुणाच्या रानातला, काठाचा की माळाचा, पाण्यात बुडला होता का, पुढच्या आठवड्यात कुणाचा लागणार. त्याला यातलं सगळं तोंडपाठ असतं, आणि सांगायला तो एका पायावर तयार असतो.