गम्बोतली भेंडी

भेंडीची तार मोडायला आमच्या घरी केवढा खटाटोप! आधी पुसून कोरडी करायची, मग चिरायची, वर आमसूल घालायचं आणि झाकण मात्र ठेवायचं नाही. लुईझियानात नेमकं उलटं. तिथे रस्सा दाट व्हावा म्हणूनच भेंडी घालतात, आणि त्या रश्श्याचं 'गम्बो' हे नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरूनच आलंय असं मानतात.

2012 मध्ये बाबा आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. आई जाऊन आठ महिने झाले होते. वाढलेलं ताट तसंच ठेवून उठायचे. एका शनिवारी त्यांना गाडीत घातलं आणि तीन-साडेतीन तासांवरच्या लाफायेतला नेलं. ते सुद्धा चक्क बारमध्ये! (हे आधी सांगितलं असतं तर आले असते थोडेच?)

आत ही गर्दी! झायडेको जोरात चालू. अकॉर्डियन, आणि पन्हळी पत्र्याचं जाकीट छातीवर अडकवून त्यावर चमचे घासणारा एक पोरगा. काउंटरवर शेजारी ऐंशीच्या घरातले एक केजन आजोबा होते. त्यांनी बाबांचा ताबाच घेतला. केजन म्हणजे 1755 पासून इंग्रजांनी कॅनडातल्या अकेडियातून हाकललेल्या फ्रेंचांचे वंशज. क्रिओल स्वयंपाक न्यू ऑर्लीन्सचा, त्यात फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी अशी सगळी सरमिसळ. "गम्बोत टोमॅटो ते घालतात, आम्ही नाही," आजोबांनी ठणकावलं. मैदा तेलात चॉकलेटी होईपर्यंत ढवळत राहायचा, त्याला रू म्हणतात. तोवर फोन वाजला तरी उचलायचा नाही! 1921 च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांत इंग्रजी सक्तीचं केलं होतं. फ्रेंच बोलले म्हणून लहानपणी या आजोबांनी छड्या खाल्ल्या होत्या. आता फ्रेंच उरलंय ते जास्त करून स्वयंपाकघरात, म्हणाले.

गम्बो आला. कोळंबी, खेकडा, भेंडी, मधोमध भाताची मूद. बाबांनी चमचा बुडवून वर उचलला. तार! म्हटलं, संपलं आता.

"ही भेंडी तुझ्या आईने टाकून दिली असती," बाबा म्हणाले.

आठ महिन्यांत आईचा विषय त्यांनी आपणहून काढला नव्हता. मग खेकड्याची नांगी हातात घेऊन दाताने फोडली, देवगडला फोडायचे तशी. आणि आई भेंडीत आमसूल कधी घालायची, ते आपल्या मास्तरी इंग्रजीत त्या आजोबांना समजावू लागले. आजोबा मान डोलवत होते. त्या गोंगाटात त्यांना किती ऐकू आलं, देव जाणे.

मी आणखी एक वाटी भात मागवला.