दुकान वाढवताना...

रात्रीचे दोन. हिंजवडीतल्या ऑफिसात मी, पेंगुळलेले सिक्युरिटीवाले काका आणि घरघरणारं कॉफी मशीन. रिलीजची रात्र! क्लायंटने दिलेला वेळ जेमतेम अर्धा तास, आणि टॉमकॅटचा एक इन्स्टन्स काही केल्या बंद व्हायला तयार नाही. शटडाऊन स्क्रिप्ट चालवून झाली. ८००५ पोर्टवर निरोप पोचला. तरी प्रोसेस आपली जिवंतच.

मग काय, 'पीएस'ने प्रोसेस आयडी शोधला आणि ठोकली 'किल मायनस नाईन'. खेळ खल्लास! सर्व्हर नवा, मी हिरो.

सकाळी फोन खणाणू लागले. काही ग्राहकांचे पैसे कापले गेले होते, पण पावतीची नोंदच नव्हती. ज्याला मी हट्टी समजत होतो, तो बिचारा हातातलं शेवटचं काम संपवत होता. पुढचे दोन दिवस मी एक्सेलमध्ये एकेक नोंद जुळवत बसलो.

टीमलीड मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मारण्याआधी थ्रेड डम्प घ्यायचास ना. तो काय करतोय ते तरी बघायचं."

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. साधी 'किल' कमांड १५ नंबरचा सिग्नल पाठवते. म्हणजे, 'बाबा रे, आता आवर.' जावाला तो ऐकू येतो, शटडाऊन हुक्स चालतात, आवराआवर होते. ९ नंबरचा सिग्नल मात्र प्रोसेसला ऐकूच येत नाही. कर्नल परस्पर निकाल लावतो. निरोप नाही, आवराआवर नाही.

खरं तर हे मी लहानपणीच शिकायला हवं होतं. साताऱ्याला बाबांचं किराणा दुकान. आपल्याकडे दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. साडेनऊला बाबा शटर अर्धं खाली ओढायचे. नवं गिऱ्हाईक घ्यायचं नाही, पण आत आलेल्याची साखर बांधून व्हायचीच. मग गल्ला मोजायचा, उधारीची वही लिहायची, उदबत्ती लावायची आणि शेवटी कुलूप.

आता मीही तेच करतो. आधी इन्स्टन्स लोड बॅलन्सरमधून बाहेर काढायचा, म्हणजे शटर अर्धं खाली. मग स्टॉप. मग लॉगवर नजर ठेवून गप्प बसायचं. कुबरनेटीससुद्धा न सांगता ३० सेकंदांची सवलत देतं, मग आपण का घाई करायची? नाईन अगदी शेवटी, तेही डम्प घेतल्यावर.

बाबा अजूनही दुकान वाढवून झालं की फोन करतात. पूर्वी मी "मीटिंगमध्ये आहे" म्हणून धाडकन कापायचो. शुद्ध मायनस नाईन! परवा त्यांना पूर्ण बोलू दिलं. पावसाचं, गुडघ्याचं, गुळाच्या भावाचं. शेवटी स्वतःच म्हणाले, "बरं, ठेवतो."

सात मिनिटं लागली फक्त.